भिंत निवते तेव्हा

आधी एक सांगून टाकतो,
हा कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही.
तो बघतो कातडी.
कुठे किती निवली, कुठे अजून धग आहे, एवढंच.
आतलं आपण ओळखायचं,
कपाळावर हात ठेवून ताप ओळखतात तसं.

मुहर्रकच्या या गल्लीत समोरून माणूस आला
तर एकाने खांदा वळवावा लागतो.
घर समुद्राच्या दगडाचं,
ओहोटीला उपटून आणलेलं प्रवाळ, वर जिप्समचा गिलावा.
छताला आफ्रिकेहून गलबतातून आलेले कांदळाचे वासे,
म्हणून प्रत्येक खोली एका वाशाएवढीच रुंद.
आमच्या दाभोळच्या खाडीत कांदळ उदंड,
पण त्याखाली कुणी झोपलेलं ऐकलं नाही.

हातोडा नाही. पोपडा काढायचा नाही.
कराराच्या तिसऱ्या पानावर ठळक लिहिलंय: स्पर्श न करता.

गार गाडीतून कॅमेरा बाहेर काढला
की भिंगावर धुकं बसतं.
वीस मिनिटं त्याला हवेची सवय होऊ द्यायची.
मगरीबची बांग व्हायच्या आधीच पायरीवर येऊन बसतो,
मांडीवर कॅमेरा, झोपलेल्या पोरासारखा.
चौकीदार गुलशेर थर्मासमधून करक चहा ओततो.

पश्चिमेच्या भिंतीने दिवसभर ऊन पिलेलं.
सूर्य गेला की ती परतफेड सुरू करते,
दगड सावकाश,
आणि जिथे गिलाव्याने दगडाचा हात सोडलाय
तिथे तो एकटाच लवकर गार पडतो.
त्या जागा मी खडूने नाही, पडद्यावरच गोल करतो.

खाली गुडघ्याएवढी निळी ओल. खारं पाणी.
भराव घालून किनारा कधीच लांब नेला,
भिंतीला कुणी कळवलं नाही.

उत्तरेची भिंत मात्र सगळीच निळी.
पहिल्या रात्री मी "गंभीर ओल" लिहून मोकळा झालो.
नगरपालिकेच्या इंजिनिअर शैमाबाई पलीकडे जाऊन आल्या:
हज्जी मन्सूरांचा एसी. अठरावर.
त्यांनी खजूर पाठवले. एसी बंद केला नाही.

तिसऱ्या रात्री मी रंगांचा पट्टा आवळला,
दोन अंशांत सगळे रंग कोंबले,
आणि निळ्यात अजून निळा
माणसाएवढा एक आयत उभा राहिला.
वर आडवी रेघ, लाकडाची असणार.
दार.
सिमेंटचे ठोकळे घालून बुजवलेलं,
आणि सिमेंटला प्रवाळासारखी गारठा अडवायची कला नाही.
पलीकडचा एसी तिथूनच तर येत होता
इतकी वर्षं, गिलाव्याखालून.

हज्जी मन्सूर आले. चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं.
"सात वर्षांचा होतो," म्हणाले.
"इकडे चुलता, तिकडे बाप. आईला पीठ उसनं लागलं
की ती इथून यायची, डोक्यावर पदर न घेता."
कशावरून फाटलं, ते नाही बोलले.
मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी तळवा टेकला,
कडी असावी त्या उंचीवर.
मी तिसरं पान आठवून तोंड उघडलं, आणि मिटलं.

त्यांनी हात काढला.
पडद्यावर नारिंगी पंजा राहिला, बोटं सुटी सुटी,
अंगठा आधी विझला.
अहवालात चित्र क्रमांक दोनशे चौदा:
बाद. पृष्ठभागाला हात लागला.

चौथ्या रात्री दाराचं नीट चित्र घ्यायला गेलो,
तर भिंत कोरी. सलग एकच रंग.
यंत्र तपासलं, पट्टा पुन्हा आवळला, भिंग पुसलं.
गुलशेरने हनुवटीने वर दाखवलं.
पलीकडची खिडकी सताड उघडी, एसी बंद,
आणि आत अंधारात कुणीतरी जागं.

"सांगून येऊ त्यांना, लावा म्हणून?" शैमाबाईंनी विचारलं.
कॅमेऱ्याची बॅटरी अजून अर्धी होती.
मी म्हटलं, बसू थोडं.